मेळा पुन्हा उभा राहिला तेव्हा

हेब्बाळला नातीच्या घरी संध्याकाळी टीव्हीवर एक विनोदी मालिका लागते. गाणाऱ्या तीन पोरींचा एके काळी गाजलेला संच, मधे कधीतरी मोडलेला, आणि आता अंगं सुटल्यावर, केस पिकल्यावर त्या बाया पुन्हा एकत्र येऊन गायला बघतात, अशी ती गोष्ट आहे. मधे कोण उभी राहणार यावरून त्यांची भांडणं होतात. एकीला शब्द आठवत नाहीत, दुसरीला जिना चढवत नाही. दर वाक्याला मागून हसण्याचा आवाज येतो. तो माणसांचा नसतो, आधीच भरून ठेवलेला असतो, असं नातजावई म्हणाला. नात विचारते, अज्जी, तुला हसू कसं येत नाही? मी म्हणते, मला ठाऊक आहे हे. ती म्हणते, मग दुसरं लावू का? मी म्हणते, राहू दे, तुम्ही बघा.

त्या तिघींसारख्या आम्हीही तिघी होतो. अक्का, मी आणि रुक्मी. टीव्ही नव्हता, गणपतीचा मंडप होता. ते सगळं लिहून ठेव असं नातीनंच सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे जसं येतं तसं लिहिते.

चामराजपेटेतलं आमचं घर म्हणजे एकामागे एक लावलेल्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत अप्पांचं शिवणयंत्र. मधल्या खोलीत आम्ही सगळे झोपायचो आणि मागच्या खोलीत चूल. अप्पा शाळेच्या पोरांच्या चड्ड्या आणि खमीस शिवायचे. घरभर खाकी आणि पांढऱ्या कापडाच्या चिंध्या असायच्या, भाताच्या शितात सुद्धा दोरा निघायचा. यंत्राचा आवाज पहाटेपासून चालू. आम्हाला त्याची इतकी सवय होती की तो थांबला की सगळे गप्प होत, कारण यंत्र थांबलं म्हणजे अप्पा ऐकताहेत. ते बोलायचे फार कमी. आई त्यांच्या वाटचं बोलायची. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, पण उंबरा काही फार उंच नव्हता, त्यामुळे आईच्या बोलण्यात निम्मं इकडचं निम्मं तिकडचं असे. ‘स्वल्प थांब गं’ हे मी शाळेत बाईंना म्हटलं होतं आणि मार खाल्ला होता. आमचे लोक कधी काळी फौजेबरोबर इकडे आले असं सांगत. पुणं आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

थंडीत अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, यायच्या. दारात पोतं ओतून आम्ही सगळ्या सोलायला बसायचो, मग ते भिजवून पुन्हा चिमटीनं वरचं साल काढायचं, बोटं हिरवी आणि चिकट व्हायची. आई त्याचं तिखट सारू करायची आणि रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि अप्पांसाठी मात्र भाकरी, कारण मुद्दे गिळायचे असतात, चावायचे नसतात, हे अप्पांना आयुष्यभर पटलं नाही. सोलताना अक्का गायची. अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिचा आवाज चांगला होता असं सगळे म्हणत. मला गाण्यातलं काही कळत नाही, तेव्हाही कळत नव्हतं. मला एवढंच माहीत की ती गायला लागली की यंत्र थांबायचं.

भुजंगराव मास्तर आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. ते एका गिरणीत कारकून होते आणि संध्याकाळी पेटी वाजवायचे. दर गणपतीला ते मेळा उभा करत. सिनेमाची चाल घ्यायची, त्यावर आपले मराठी शब्द बसवायचे, आणि एकसारखे झगे घातलेल्या पोरींनी हातवारे करत ते म्हणायचं. आमच्या मेळ्याचे झगे अप्पांनी उरलेल्या पांढऱ्या कापडाचे शिवले होते आणि खाली निळी किनार लावली होती. मधे अक्का, एका बाजूला रुक्मी आणि दुसऱ्या बाजूला मी. रुक्मी कासारांची, अक्काच्याच वयाची. मी सगळ्यांत लहान आणि बेसूर, म्हणून माझं काम बोट दाखवायचं. आकाश म्हटलं की वर, धरती म्हटलं की खाली. आम्हाला तीन मैना म्हणायचे. कॉटनपेटेतून, बसवनगुडीतून बोलावणी यायची आणि टांगा पाठवायचे. परत येताना केळी आणि गुळपापडी मिळायची. माझ्या दृष्टीनं मेळा म्हणजे गुळपापडी.

मेळ्यात एक पद नेहमी गल्लीतल्या कुणावर तरी असायचं. नाव घ्यायचं नाही, पण चालण्यावरून, बोलण्यावरून सगळ्यांना कळायचं. कुणी दुधात पाणी घालणारा, कुणी सुनेला कुलपात ठेवणारी. ज्याच्यावर पद असे तो पुढे बसून सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. न हसेल तर लोक समजायचे की लागलं. ही रीतच होती आणि त्यावरून कधी मारामारी झाल्याचं मला आठवत नाही.

मग अक्काचं लग्न झालं आणि मेळा मोडला. लग्न झालेली मुलगी मेळ्यात उभी राहत नसे. रुक्मीचंही त्याच हंगामात झालं, ती मार्केटजवळच दिली. अक्का आनेकलला गेली. ते लोक आपल्यातलेच, रेशमाचे कोश उकळून सूत काढायचे. मी शाळा सोडून अप्पांची काजं करायला बसले.

अक्का परत आली तेव्हा मला पाहायला लोक यायला लागले होते. आईला टायफॉइड झाला होता म्हणून तिला बोलावलं. तिची बोटं पाहून मी विचारलं, हे काय गं. कोश उकळत्या पाण्यात असतात आणि त्यातून सुताचं टोक बोटांनी शोधायचं असतं. बोटांची कातडी पांढरी होऊन सोलवटली होती. आई बरी झाली, उठून चुलीपाशी बसायला लागली, तरी अक्काला न्यायला कुणी आलं नाही. आमच्यात सून माहेरी आली की आपण होऊन परत जात नाही. सासरचं माणूस न्यायला यावं लागतं. माणूस आलं नाही की काय ते समजायचं. मूल नव्हतं हे कारण सगळ्यांना माहीत होतं. आई रोज दुपारच्या बसच्या वेळी दारात तांदूळ निवडायला बसायची. तांदूळ संपला की डाळ घ्यायची.

मला पाहायला आलेले लोक उप्पिट खाऊन आधी हेच विचारायचे, थोरली इथं कशी? आई सांगायची, माझं दुखणं होतं ना. ते लोक सरी, म्हणजे बरं, म्हणायचे आणि परत यायचे नाहीत. अप्पा एकदा यंत्र थांबवून म्हणाले, “मोठीचं मार्गी लागल्याशिवाय धाकटीचं होणार नाही.” बस, तेवढंच. मी खाली मान घालून काज करत होते, अक्का माझ्या शेजारी काज करत होती. तिची काजं माझ्यापेक्षा सुबक व्हायची. मला काही वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच फारसं काही वाटत नसे. एक झालं की दुसरं, असे दिवस जात होते.

मागच्या मोरीपाशी कपडे आपटताना मी तिला विचारलं, “अक्का, आले न्यायला तर?”

“न आले तर बरं.”

“इथं काय करशील?”

“हेच. काजं करीन, बटणं लावीन. अप्पांना माणूस लागतंच.” मग ती कपडा पिळत म्हणाली, “तिकडे पाहुणे आले की मी पाणी घेऊन जाते. आत्याबाई पाहुण्यांना सांगतात, हिच्या हातचं चालत असेल तर प्या.”

“मग ते पितात का?”

“काही पितात.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू. यापलीकडे तिनं मला सासरचं काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गणपती जवळ आले तसे भुजंगराव मास्तर घरी आले. ते आता पेन्शनीत होते. मंडळातल्या पोरांना काहीतरी नवीन पाहिजे होतं, हसायचं. मास्तरांनी एक फार्स लिहिला होता: एके काळच्या गाजलेल्या तीन मैना म्हाताऱ्या झाल्यावर मेळा पुन्हा उभा करतात. आणि कामं करायची तर खऱ्या तिन्ही मैनांनीच, असं त्यांच्या डोक्यात होतं.

आई म्हणाली, “मास्तर, माझी एक मुलगी सासरची आणि एक उजवायची. स्टेजवर उभं करून दोघींची माती करता काय?”

“वहिनी, गणपतीपुढं उभं राहायचं आहे. तमाशात नव्हे.”

“आनेकलला कळलं तर काय सांगतील, गणपतीपुढं होती का तमाशात होती?”

“रुक्मी तयार आहे. तिचा नवरा स्वतः मंडप बांधणार.”

“रुक्मीला चार पोरं आहेत. तिला कोण काय म्हणणार?”

अक्का आतून म्हणाली, “मी करते.”

यंत्र थांबलं. आई म्हणाली, तुला विचारलं कुणी. अक्का बाहेर येऊन उभी राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली, आणि अप्पांनी यंत्राचा पायटा दाबला. म्हणजे त्यांची हरकत नव्हती. आई चार दिवस दोघांशी बोलली नाही.

मला अक्कानं मोरीपाशीच सांगितलं. रंग लावून लोकांपुढे नाचलेली सून ते घरात घेणार नाहीत. आत्याबाईंना लोकांची फार पडलेली आहे. मी विचारलं, “आणि माझं?” ती म्हणाली, “तुझं होईल गं. थांबशील स्वल्प.” मी सरी म्हटलं. रागावायचं की काय करायचं ते मला ठरवता आलं नाही आणि तेवढ्यात पाणी संपलं.

तालमी मास्तरांच्या घरी. रुक्मी यायची ती बसता बसताच हसायला लागायची. ती चांगली जाड झाली होती. “मास्तर, मला म्हातारी करायला रंग नको, पोरं पुरेशी आहेत.” फार्समध्ये मधे कोण उभी राहणार यावरून भांडण होतं. रुक्मी म्हणते, माझं पोट सगळ्यांत मोठं म्हणून मधे मी. माझं काम तेच जुनं, बोट दाखवायचं, फक्त आता म्हातारीचं बोट थरथरतं. मला चार वाक्यं होती आणि ती मला पाठ होत नसत. अक्काचं काम दात पडलेल्या मोठ्या मैनेचं. पहिल्या दिवशी तिनं ते नुसतं वाचलं. दुसऱ्या दिवशी ती उठून चालली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तपकीर, मान एका बाजूला, आणि प्रत्येक वाक्याआधी नाकातून एक हुंकार. रुक्मी पेटीवर कोसळली. मास्तर म्हणाले, “हे कुठनं आणलंस?”

“घरातलंच आहे,” अक्का म्हणाली.

रुक्मी अक्काच्या लग्नाला आनेकलला गेली होती. तालमीहून परतताना तिनं अक्काचा दंड धरला. “सरू, ही तुझी सासू आहे.”

“हो.”

“अगं, आनेकलचं कुणी आलं आणि पाहिलं तर?”

“म्हणून तर.”

“बाई गं,” रुक्मी म्हणाली, आणि मार्केटच्या वळणापर्यंत हसली नाही. रुक्मी एवढा वेळ न हसलेली मी तेव्हाच पाहिली.

गणपतीला व्याह्यांकडे पानसुपारी आणि अक्षता घेऊन जाऊन बोलावणं करायचं असतं. ते येवोत न येवोत. त्या वर्षी आईची पंचाईत झाली. न बोलवावं तर आपणच तोडल्यासारखं, बोलवावं तर पोरगी स्टेजवर. शेवटी तिनं अप्पांना आनेकलच्या बसमध्ये बसवलं. रीत मोडायची तिची छाती नव्हती. ते येणार नाहीत, इतकी वर्षं कुठं आले, असं ती आम्हालाच समजावत राहिली. अप्पा पानसुपारी देऊन चहा न घेता परत आले. काय म्हणाले ते लोक, असं आईनं विचारलं. अप्पा म्हणाले, “घेतली.”

फार्सच्या संध्याकाळी मंडपामागच्या शेडमध्ये आम्ही तोंडं रंगवली. रुक्मीच्या नवऱ्यानं काजळ आणि मेण एकत्र करून अक्काच्या पुढच्या दातांना चोपडलं. आमच्या जुन्या झग्यांच्या किनारी अप्पांनी नव्या लुगड्यांना लावून दिल्या होत्या. आईनं शेडमध्ये डोकं घातलं, तिचा चेहरा उतरला होता. “विहीणबाई आल्यात. बसमधून थेट इथंच. मंडळाच्या पोरांनी पुढं खुर्चीवर बसवलंय, हार घातलाय.” मग तिनं अक्काकडे पाहिलं आणि अक्काचे दात पाहिले. “सरू, अजून ताप आल्याचं सांगता येईल.”

अक्का म्हणाली, “मला ताप नाही.”

पडदा वर गेला. सुरुवातीला लोक रुक्मीला हसले, तिला पाहूनच हसायचे. मग अक्का आली. कमरेवर हात, तपकीर, हुंकार. मी बाजूला उभी होते, मला पुढची रांग दिसत होती. अक्काची सासू लाल काठाच्या लुगड्यात, गळ्यात झेंडूचा हार, कमरेवर हात ठेवून बसली होती. दोघी समोरासमोर. आमच्या गल्लीतल्या ज्या बायका आनेकलला जाऊन आल्या होत्या त्यांनी पदर तोंडात घातले. अक्का थांबली नाही. तिनं मास्तरांना पेटी कशी धरायची ते शिकवलं, गणपतीला सोंड नीट ठेव म्हणून सांगितलं, रुक्मीच्या चालण्याला नावं ठेवली. मग फार्सप्रमाणे रुक्मी पाण्याचा तांब्या घेऊन आली. इथं मास्तरांनी काहीतरी वेगळं लिहिलं होतं. अक्कानं पुढच्या रांगेकडे तोंड केलं, हुंकार दिला, आणि म्हणाली, “हिच्या हातचं चालत असेल तर प्या.”

लोकांनी मंडप डोक्यावर घेतला म्हणतात तसं झालं. मी सासूकडे पाहत होते. ती हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हार एका खांद्यावरून घसरला होता, शेजारच्या बाईच्या मांडीवर ती थापा मारत होती. माझं वाक्य आलं ते मी विसरले. अक्कानं ते हळूच सांगितलं, मी म्हटलं, त्यालाही लोक हसले. शेवटचं पद अक्कानं दात पडलेल्या तोंडानं म्हटलं आणि मधेच, दोन ओळी, तिचा खरा आवाज लागला. लोक त्यालाही हसले, कारण त्यांना तोही विनोदच वाटला.

पडदा पडल्यावर सासू शेडमध्ये आली. आई मागे, अप्पा त्यांच्या मागे. अक्का उभी राहिली. दात तसेच काळे. ती वाट पाहत होती.

“काय गं सरू,” सासू म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. “अगदी माझी जाऊ. हुबेहूब. ते कमरेवर हात ठेवणं, ते तपकिरीचं. आणि ते पाण्याचं. ती तेच म्हणते, आल्यागेल्यासमोर. तुला कसं गं सुचलं?”

सासू आईकडे वळली.

“विहीणबाई, नवरा गेल्यापासनं मी अशी हसले नव्हते. खोटं नाही सांगत.” तिनं बाहेर तोंड करून मुलाला हाक मारली. अक्काचा नवरा मंडपाच्या मागे एका ट्रंकेवर बसला होता. ती ट्रंक अक्काच्या लग्नातली, वर आईनं रंगवलेलं कमळ, आम्ही सगळ्यांनी ओळखली. सासूनं काही लपवलं नाही, तसा तिचा स्वभावच नव्हता. “हिचं सामान द्यायला आलो होतो. आनेकलातच दुसरी पोरगी पाहिलीय, बोलणं झालं होतं. म्हटलं सणाला बोलावलंय तर तोंडावर सांगून मोकळं व्हावं. आता राहू दे. घरात असली सून असताना मला दुसरी कशाला? ती पोरगी मुकी मेली. चल सरू, सकाळच्या बसनं निघू.”

आईनं सासूचे पाय धरले. अप्पा शेडच्या बांबूला धरून उभे होते, त्यांच्या हाताशी यंत्र नव्हतं म्हणून त्यांना काय करावं कळत नसावं. रुक्मी मागे वळून लुगड्याची किनार सोडवत बसली. अक्का ट्रंकेकडे पाहत होती. ती गप्प बसली असती, घरी राहून काजं केली असती, तर ट्रंक इथंच राहिली असती. हे तिला कळलं आणि मला कळलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण रंग इतका होता की खाली काही दिसत नव्हतं. मग तिनं पदरानं दात पुसले. मेण निघेना.

पुढे किती वर्षं मी विचार केला की म्हातारीला कळलं होतं का. आमच्यात ज्याच्यावर पद असतं तो मोठ्यानं हसतो, तशी ती हसली का? नाही. ती आनेकलची, तिला आमची रीत माहीत नव्हती. तिला खरंच जाऊ दिसली. आपण असे दिसतो हे माणसाला दिसत नाही, मला तरी माझं कुठं दिसतं.

सकाळी आईनं अक्काची ओटी भरली आणि डब्यात चित्रान्न बांधून दिलं. मी बसपर्यंत गेले. नवऱ्यानं ट्रंक टपावर चढवली. सासू खिडकीशी बसून कंडक्टरला सांगत होती की ही आमची सून, काल हिनं काय धमाल केली. अक्का तिच्या शेजारी. मी खिडकीतून डबा दिला. अक्का म्हणाली, “अप्पांना सांग, निळा दोरा संपलाय.” बस गेली. मी घरी येऊन काजं करायला बसले.

दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं. पाहायला आलेल्यांनी विचारलं, थोरली कुठं? आईनं सांगितलं, सासरी. ते सरी म्हणाले आणि तारीख काढूनच उठले. मला नवरा बरा मिळाला. त्याच्याबद्दल मला तक्रार नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं आनेकलला जेवायला गेलो. अंगणात कोशांची भट्टी, वास असा की घास जात नव्हता. घरात आणखी पाहुणे होते, पाच-सहा बाया, कुठल्या ते मला माहीत नाही. अक्का आत मुद्दे करत होती. म्हातारीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “ही पण त्यातलीच. बोट दाखवणारी.” मग आत हाक मारली. “सरू, ये गं, ते जाऊबाईचं कर. आज तुझी बहीण पण आहे.”

अक्का हात पुसत बाहेर आली. चुलीतला कोळसा तिच्या बोटाला होताच, तो तिनं पुढच्या दोन दातांना लावला. सराव असावा, आरसा लागला नाही. मग कमरेवर हात ठेवला. सासू खाटेवर कमरेवर हात ठेवून बसली होती. पाहुण्या बाया एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होत्या आणि पदरात तोंड घालून हसत होत्या. साऱ्या आनेकलला ठाऊक होतं, एकीला सोडून. म्हातारी मला म्हणाली, “त्या जाडीचं तू कर. पाणी घेऊन ये.” मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता, त्याला गंमत वाटत होती. मी उठले, आतून तांब्या आणला आणि बाहेर येऊन उभी राहिले. अक्का माझ्याकडे पाहून नाकातून हुंकार देत म्हणाली, “हिच्या हातचं चालत असेल तर प्या.” सगळ्या बाया हसल्या, म्हातारी खाटेवर मागे पुढे झाली. मग मी बोट दाखवलं, माझं पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि अडले.

जेवण झालं. मुद्दे चांगले झाले होते. संध्याकाळी अक्का आम्हाला बसपर्यंत सोडायला आली. माझा नवरा तिकिटाला पुढे गेला. अक्काच्या दातांत कोळसा राहिला होता, मी तिला ते सांगितलं, तिनं जिभेनं काढला आणि थुंकली. बस वळताना दिसली तेव्हा तिनं माझ्या हातात अवरेकाळूची पिशवी दिली.

“तिसरं वाक्य विसरलीस,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला पाठ करून ये.”